गुन्हेतपास मालिकेतील सुटीचा दिवस : ‘सीआयडी’च्या चाहत्यांच्या सणकथा

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिकांचा विचार मराठीत बहुधा आशय, जाहिरात आणि प्रेक्षकसंख्या यांच्या अंगाने होतो. मालिका पाहून प्रेक्षक स्वतः लिहू लागतो, ही बाब मात्र सहसा दुर्लक्षित राहते. इंग्रजीत या लेखनाचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांच्या ग्रंथांपासून स्थिरावला. त्यांच्यासमोर प्रामुख्याने ‘स्टार ट्रेक’सारख्या अमेरिकन मालिकांचे चाहते होते. मुंबईत घडणाऱ्या एका हिंदी मालिकेभोवतीही असे हजारो कथांचे भांडार उभे राहिले आहे. त्यातील सणासुदीच्या प्रेमकथांचा परामर्श येथे घेतला आहे.

मालिकेचा साचा

बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली; डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा अवतरली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युमन, आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत आणि दयानंद शेट्टी यांचा दया ही पात्रे दोन पिढ्यांच्या परिचयाची आहेत. भागांची रचना ठरीव आहे : मृतदेह, प्रयोगशाळा, संशयितांची चौकशी आणि अखेरीस कबुली. गुन्ह्याची उकल झाली की भाग संपतो, आणि पुढच्या भागात काळ जणू शून्यापासून सुरू होतो. अशा रचनेत पात्रांचे वय वाढत नाही आणि त्यांचे घर क्वचितच दिसते. घर दिसलेच तर बहुधा त्यावर संकट आलेले असते. प्रद्युमन यांचा गुन्हेगारीकडे वळलेला मुलगा नकुल पडद्यावर येतो तो मुख्यतः पित्याच्या कर्तव्याची कसोटी पाहण्यासाठी.

या साच्यातच प्रेमाच्या सूचना पेरलेल्या आहेत. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डॉ. तारिका दिसताच अभिजीत कामाचे बोलणे विसरतो आणि डॉ. साळुंखे त्याला फटकारतात. दया आणि श्रेया यांच्यात तर न बोललेल्या शब्दांखेरीज फारसे काही घडतच नाही. निर्मात्यांच्या दृष्टीने हा दोन चौकशांमधील विरंगुळा होता. चाहत्यांनी मात्र त्याला दिलेले वचन मानले आणि ते पाळले जात नाही असे दिसताच स्वतः लेखणी हाती घेतली.

सणाचे कार्य

१९९८ पासून चालत आलेल्या ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ या संकेतस्थळावर ‘सीआयडी’ला स्वतंत्र विभाग आहे. तेथे अभिजीत-तारिका ही जोडी ‘अभिरिका’ आणि दया-श्रेया ‘दारेया’ या जोडनावांनी ओळखली जाते. दिवाळी, होळी, करवा चौथ, नववर्ष, व्हॅलेंटाइन दिन अशा निमित्तांनी लिहिलेल्या कथा त्यात वारंवार भेटतात. करवा चौथ पाहून मराठी वाचक थबकेल. पात्रे मुंबईत वावरत असली तरी त्यांचे पंचांग हिंदी मालिकांचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या कथांत सण केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. मालिकेच्या चक्राकार काळाला तो तिथी देतो. गेल्या दिवाळीला अबोल राहिलेली श्रेया या दिवाळीला बोलते, म्हणजेच मधले एक वर्ष खरोखर सरलेले असते. शिवाय, गुन्हा नसलेला दिवस मालिकेच्या चौकटीत संभवतच नाही. तो सुटीनेच निर्माण करावा लागतो. म्हणून एखाद्या प्रकरणाचा निकाल सणाच्या आदल्या रात्री लागतो, एसीपी साहेब वडिलकीच्या नात्याने सर्वांना घरी पाठवतात आणि ब्यूरोतील हाताखालची माणसे एका कुटुंबात रूपांतरित होतात. मात्र दूरध्वनी केव्हा वाजेल याची धास्ती तरीही राहते आणि चांगल्या कथेतील ताण तेथूनच येतो. गणेशोत्सवात व दिवाळीत बंदोबस्तावर उभ्या असणाऱ्या प्रत्यक्ष पोलिसांना असा दिवस दुर्मीळच. ही सुटी पडद्यावरही नाही आणि वास्तवातही नाही. ती कथेतच मिळते.

असे लेखन म्हणजे निव्वळ भाबडेपणा, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पुष्कळ कथा साचेबंद आहेत, त्यांत अश्रू स्वस्त आहेत आणि प्रेमाची कबुली ठरल्या ओळीवर येते. तरीही मालिकेने काय गाळले हे त्या अचूक ओळखतात, आणि समीक्षेचे काम याहून फार निराळे नसते. महाकाव्यांच्या पुनर्कथन-परंपरेशी त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु रामकथेवर कोणा वाहिनीची मालकी नव्हती. येथे पात्रे दुसऱ्याची आहेत हे लेखिका जाणतात आणि कथेच्या आरंभी तसे नमूदही करतात.

भाषा आणि जतन

संवाद रोमन लिपीतील हिंदीत, निवेदन इंग्रजीत आणि बोलणाऱ्याचे नाव नाटकाप्रमाणे ओळीच्या आरंभी, असे या कथांचे रूप पुष्कळदा आढळते. परीक्षा जवळ आल्याने पुढील भाग उशिरा येईल, अशा सूचनाही ठिकठिकाणी दिसतात. त्यांवरून अनेक लेखिका विद्यार्थिनी असाव्यात असे अनुमान निघते. वर्गात दोन पाने निबंध लिहिण्यास कुरकुरणारी विद्यार्थिनी टोपणनावाने वीस प्रकरणांची कथा पूर्ण करीत असेल, ही शक्यता भाषाशिक्षकांनी गंभीरपणे घेण्याजोगी आहे. देवनागरीत नसल्याने हिंदी विभाग या लेखनाकडे पाहत नाही. इंग्रजी नसल्याने इंग्रजी विभागही नाही.

दरम्यान, ते टिकेलच याची शाश्वती नाही. अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ ही सेवा २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यावरील चाहत्यांची असंख्य पाने नाहीशी झाली. लेखिकेने स्वतःच खाते मिटवले, की तिच्या सर्व कथा एका क्षणात जातात. तिचे खरे नाव ठाऊक नसल्याने त्या कोणाकडे मागाव्यात हेही कळत नाही.