'घाटी' कोणास म्हणावे?

'घाटी' हा शब्द मुळात शिवी नव्हे. सह्याद्रीचा घाट उतरून येतो तो घाटी, इतकाच कोकणातला अर्थ. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. पुणे-साताऱ्याकडील माणसे मुंबईत हमाली, घरकाम करू लागली आणि दिशा सांगणारे नाव पायरी सांगू लागले. पुढे तर रत्नागिरीचा गिरणी कामगारही धनिकांच्या तोंडी घाटीच ठरला. वास्तविक तो आलेला बोटीने. घाट त्याने ओलांडलाच नव्हता!

गोव्यात या शब्दाला राजकीय धार आली. तेथे घाटापलीकडचा तो घाटी, म्हणजे परका. महाराष्ट्रात विलीन व्हावे काय, हा प्रश्न जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आला, तेव्हा हा परकेपणा केवळ बोलण्यापुरता उरला नव्हता. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले.