हाक मारली की येतो ससा!

मैत्रिणींनो, घरात ससा पाळणाऱ्या बायकांची एक तक्रार मी नेहमी ऐकते. "कुत्रं कसं शेपूट हलवत येतं! हा मात्र हाक मारली की सरळ दिवाणाखाली!" मुलांचा निकाल लागला, वाढदिवस आला, की बाजारातून पांढरीशुभ्र जोडी घरी येते. चार दिवस कौतुक होतं. मग ससा कोणाजवळच येत नाही म्हणून मुलं कंटाळतात, पिंजरा गच्चीवर जातो, आणि एक दिवस 'त्यालाही मोकळं वाटेल' असं म्हणून कोणीतरी त्याला बागेत नाहीतर तलावाकाठी सोडून येतं. घरात वाढलेला ससा तिथे जगायचा कसा? कुत्री, मांजरं, घारी टपलेल्याच असतात. म्हणून मी म्हणते, हाकेला येणं ही नुसती गंमत नाही. पुष्कळदा सशाचं घरातलं स्थान त्यावरच ठरतं.

आधी हा पाहुणा कोण ते समजून घेऊ. मराठीत आपण दोघांनाही 'ससा'च म्हणतो, पण आपल्या शेतातला रानससा वेगळा आणि बाजारातला पाळीव ससा वेगळा. पाळीव सशाचं मूळ स्पेन, फ्रान्सकडचं. तिथले जंगली ससे जमिनीखाली बिळं करून घोळक्याने राहतात. त्यांची पिल्लं जन्मतात ती उघडीवाघडी, डोळे मिटलेली. आपला रानससा एकटा राहतो, बिळात नाही तर गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. त्यामुळे तुरीच्या, कपाशीच्या शेतात एखादं पिल्लू एकटं दिसलं तर 'आईने टाकलं' असं समजून घरी आणू नका. आई दिवसातून थोडाच वेळ, बहुधा अंधार पडल्यावर, पाजायला येते. शिवाय रानससा घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

पाळीव ससा घोळक्यात राहणाऱ्यांचा वंशज, म्हणून त्याला सोबत हवी असते. पण तो जन्माचा भित्राही आहे, कारण जगात त्याला खाणारेच फार. डोळे दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. वरून हात आला की त्याला घारीची झडपच वाटते. आपण लाडाने उचलायला वाकतो आणि तो पळतो, त्याचं कारण हेच.

आमच्याकडे 'कापशा' आला तो धाकट्या लेकीच्या हट्टाने. पहिले दोन दिवस मुलं त्याच्यामागे आणि तो दिवाणाखाली. गंमत म्हणजे तो सगळ्यात आधी गेला तो सासूबाईंकडे! त्या दुपारी खाली बसून सांभार निवडत होत्या. त्यांनी ना हाक मारली, ना हात पुढे केला. एक काडी बाजूला ठेवली आणि आपलं काम करत राहिल्या. कापशा आला, काडी घेऊन गेला, परत आला. मुलं थक्क! "आजी, तू काय केलंस व?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही केलं, म्हणूनच आला तो."

मग आम्ही तेच जरा शिस्तीत केलं. नाव एकच ठेवलं. कोणी कापशा, कोणी बन्नी, कोणी सोन्या असं नाही. वेळ पहाटेची आणि दिवेलागणीची, कारण ससा तेव्हाच जास्त जागा असतो. आणि दोन्ही वेळा चाऱ्याच्या आधी, म्हणजे थोडी भूक असते. खाली बसायचं, हातात सांभाराची काडी, "कापशा" म्हणायचं आणि लगेच काडी द्यायची. नाव आणि खाऊ यांत उशीर नको, नाहीतर त्याला संबंध कळत नाही. दोन-तीन दिवसांनी एक हात लांब बसून हाक मारायची. मग दोन हात, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, मग दुसऱ्या खोलीतून. हाकेच्या जोडीला स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचा, म्हणजे आवाज लांब जातो आणि घरातल्या सगळ्यांना सारखाच वाजवता येतो. एका वेळी पाचच मिनिटं. आला नाही तर दहादा ओरडायचं नाही, अंतर कमी करायचं. तो पक्का शिकला की दरवेळी खाऊ नसला तरी चालतो. कधी काडी, कधी कपाळावरून हलका हात. आम्हाला साधारण तीन आठवडे लागले. एखाद्या सशाला जास्तही लागतील.

बी. ए.ला मानसशास्त्र शिकताना स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाचे उंदीर आणि कबुतरांवरचे प्रयोग वाचले होते. ज्या वागण्यानंतर काही चांगलं मिळतं, ते वागणं वाढतं, एवढंच त्याचं सार. स्वीडनमध्ये तर १९७० च्या दशकापासून सशांच्या अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धा होतात. म्हणजे ससा मठ्ठ नाही हो, आपणच त्याला चुकीच्या भाषेत बोलावतो!

आणि सगळ्यात मोठा नियम असा, की हाक मारून कधी फसवायचं नाही. औषध पाजायचंय, नखं कापायचीत, पिंजऱ्यात कोंडायचंय, तर आपण उठून त्याच्याकडे जावं. हाक मारून बोलावलं आणि पकडलं, की पुढच्या हाकेला तो येणार नाही. कान धरून उचलणं तर अजिबात नको. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. त्याचा कणा नाजूक असतो, पाय झाडता झाडता मोडू शकतो. मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो घाबरलाय, तेव्हा शिकवणी बंद.

जनावर धाकाने नाही, विश्वासाने जवळ येतं, हे आपल्या विदर्भात हेमलकशाने कधीच दाखवून दिलंय. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी शिकारीत आई गमावलेली पिल्लं सांभाळली. माकडं, अस्वलं, बिबटे. तिथल्या नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहरांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलंय. ती हौसेने पाळलेली जनावरं नव्हती, अनाथ होती, तेव्हा त्याची नक्कल आपण करायची नाही. पण जिथे बिबट्याला मायेची भाषा कळते, तिथे सशाला का कळू नये?

या शिकवणीचा उपयोग आम्हाला गेल्या उन्हाळ्यात कळला. संध्याकाळी अंगण शिंपायची वेळ, फाटक कोणाकडून तरी उघडं राहिलं, आणि कापशा रस्त्यावर! समोरच्या कोपऱ्यावर मोकाट कुत्री बसलेली. मागे धावलं असतं तर तो आणखी पुढे पळाला असता. लेक फाटकातच खाली बसली, वाटी वाजवली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "कापशा". तो थबकला, कान वळवले आणि टुणटुण आत आला. फाटक लावल्यावर मग सगळ्यांचेच हातपाय थरथरले.

उन्हाळ्यावरून आठवलं. ससा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही, उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः कानांतून. पारा ३० च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्या नागपूरचा मे तर ४५ च्या घरात! तेव्हा गच्चीवरचा पिंजरा नकोच. कूलरच्या खोलीत जागा द्या (वायर मात्र झाका, तो कुरतडतो), जड मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. मुख्य खाणं वाळलेलं गवत. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवतानेच झिजतात. गाजर गोड, म्हणून बोटाच्या पेराएवढंच. बिस्किट, चॉकलेट, कांदा, बटाटा नाहीच. सशाला ओकता येत नाही, पोट बिघडलं की लवकर गंभीर होतं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्या. नागपुरात सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याच्या गावीही सरकारी दवाखाना असतो. आणि जोडी आणण्याआधी लक्षात घ्या, मादी महिन्याभरात विते! एकेक ससा आठ-दहा वर्षं जगतो. तेवढी तयारी नसेल तर आणूच नका.

वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी ही सशाची गोष्ट सांगितली. सगळ्या हसल्या. एक बाई मात्र गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, माहा पोट्टा बी हाक मारली की पळते. मी त्याले हाक मारतो ते कामासाठी, नाहीतर रागवासाठी." त्यावर कोणीच काही बोललं नाही. पुढच्या बैठकीत तिनेच सांगितलं, आता ती दिवसातून एकदा तरी त्याला काही काम नसताना बोलावते, जवळ बसवते, शेंगदाणे देते.

तुमच्या घरी ससा असेल तर आज दिवेलागणीला सांभाराची एक काडी घेऊन खाली बसा. हाक हळू मारा. पहिल्या दिवशी तो येणार नाही, नुसते कान वळवेल. पहिल्या दिवसासाठी तेवढं पुरे.