कारभार शहराचा, लेखांक ६ : लीडर बदलला, पुढे काय?

मागच्या आठवड्यात आपण मुंबईचे महापौर आणि आयुक्त यांच्यातली अधिकारांची वाटणी पाहिली. १८८८ च्या कायद्याने कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे दिल्या. महापौरांकडे सभागृहाचे अध्यक्षपद आणि मान राहिला. आज लंडनला जाऊ. तिथे बहुतेक ठिकाणी या किल्ल्या निवडून आलेल्या नगरसेवकांपैकीच एकाच्या हाती असतात. त्यामुळे तो माणूस बदलला की नेमके काय बदलते, हे पाहण्यासारखे आहे.

१ एप्रिल १९६५ पासून लंडनची ३२ बरोंत विभागणी झाली आहे. कचरा, ग्रंथालये, वृद्धांची देखभाल, कौन्सिलची भाड्याची घरे, बांधकाम परवानग्या हे सगळे बरो कौन्सिल पाहते. क्रॉयडन, हॅकनी, लुईशॅम, न्यूहॅम आणि टॉवर हॅम्लेट्स या पाच बरोंत महापौर थेट लोकांमधून निवडला जातो. एरवी साधारणपणे नगरसेवक आपल्यातून लीडर निवडतात, आणि तो लीडर आपले कॅबिनेट नेमतो. सभेत मतदान होते खरे, पण कौल आधीच, बहुमतातल्या पक्षाच्या गटबैठकीत लागलेला असतो. अशा बरोंतही महापौर असतो. गळ्यात मानाची साखळी घालून तो सभा चालवतो. आपल्या आयुक्तांसारखा चीफ एक्झिक्युटिव्हही असतो, मात्र त्याला कौन्सिलच नेमते आणि तो कौन्सिललाच उत्तर देतो.

उदाहरण घेऊ कॅम्डनचे. हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस मिळून झालेला हा बरो. मे २०१७ मध्ये जॉर्जिया गुल्ड इथल्या लीडर झाल्या. महिनाही नीट गेला नव्हता, तोच १४ जूनला केन्सिंग्टन-चेल्सी बरोतला ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसे गेली. कॅम्डनमध्ये ॲडलेड रोडला लागून चाल्कॉट्स नावाची कौन्सिलच्याच मालकीची वसाहत आहे. तिथल्या पाच टॉवरना बाहेरून बसवलेले आवरणही धोक्याचे निघाले. तपासणीत आतले अग्निरोधक दरवाजे आणि गॅसच्या नळांभोवतीची कामेही सदोष आढळली. अग्निशमन दलाच्या सल्ल्यावरून २३ जूनच्या शुक्रवारी संध्याकाळी कौन्सिलने चार टॉवर रिकामे करायला घेतले. हाताला लागेल ते पिशवीत भरून, मुलांना कडेवर घेऊन माणसे जिने उतरली. स्विस कॉटेजच्या क्रीडा केंद्रात हवेच्या गाद्या अंथरल्या गेल्या. काहींनी घर सोडायला साफ नकार दिला.

गटबैठकीत कामांची कुठलीही यादी ठरली असो, त्या रात्रीनंतर अग्निसुरक्षा पहिल्या ओळीवर आली. ते आवरण उतरवून इमारती सुरक्षित करण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. केन्सिंग्टन-चेल्सीत तर ३० जूनला लीडरने राजीनामा जाहीर केला. म्हणजे एका बरोत आगीने लीडर घालवला, तर दुसरीकडे नव्या लीडरचा अग्रक्रम ठरवला.

लीडरच्या हाती काय नसते, तेही पाहू. चाल्कॉट्सपासून चालत काही मिनिटांवर किंग हेन्रीज रोड आहे. इथल्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन तिथे स्मारक केले. मात्र राहत्या घराचे संग्रहालय करायला कौन्सिलची परवानगी लागते, आणि २०१८ मध्ये कॅम्डनने ती नाकारली. आपल्याकडे अनेकांना ते मनाला लागले, आणि ते स्वाभाविकच होते. पण कारण समजून घ्यायला हवे. जुलै २०१७ मध्ये मंजूर झालेल्या कॅम्डनच्या आराखड्यात राहती घरे राखण्याचे धोरण आहे. घरांची इतकी टंचाई असलेल्या बरोत एकेक घर मोजले जाते. शिवाय अशा अर्जांवरचा निर्णय कायद्यानेच लीडर आणि कॅबिनेटच्या हातात ठेवलेला नाही. लीडरकडे शब्द टाकून काम होत नाही. महाराष्ट्र सरकारने रीतसर अपील केले, जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी संग्रहालयाला परवानगी दिली. स्थानिक गरज आणि बाबासाहेबांचा वारसा, दोन्ही बाजू उघडपणे मांडल्या गेल्या, हे मला मोलाचे वाटते.

जुलै २०२४ मध्ये गुल्ड खासदार झाल्या. ५५ पैकी ४७ जागा २०२२ मध्ये लेबर पक्षाने जिंकल्या होत्या. त्याच गटातून रिचर्ड ओल्शेव्स्की लीडर झाले. ते आधी कॅबिनेटमध्ये अर्थखाते सांभाळत होते. यासाठी मतदारांना केंद्रावर जावे लागले नाही. वृद्धांची देखभाल, बेघरांना आसरा ही कायद्याने लादलेली कामे जशीच्या तशी राहिली, आराखडाही तोच राहिला. लीडर बदलला की बदलू शकतो तो उरलेल्या पैशांचा क्रम: आधी काय करायचे, कशाला थांबायला सांगायचे. हा वाव छोटा दिसतो, पण चाल्कॉट्समधल्या कुटुंबाला विचारा, तोच सारे काही असतो.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबईने कित्येक वर्षे नगरसेवकांविना, प्रशासकाच्या हाताखाली काढली. तेव्हा अडचणीच्या रात्री कोणाचे दार ठोठवायचे, हे सामान्य माणसाला उमगत नव्हते. कॅम्डनच्या लोकांपुढे त्या शुक्रवारी जबाबदार चेहरा होता. त्याच्यावर रागावता येत होते, त्याला जाब विचारता येत होता. शहराच्या कारभारात नागरिकाचा पहिला हक्क हाच आहे.

(पुढील आठवड्यात : क्रॉयडनचे दिवाळे आणि थेट महापौरासाठी लोकांनी दिलेला कौल)