विमानाचें टपाल आणि लहान गांवें

विमानानें टपाल नेण्याचा पहिला सरकारमान्य प्रयोग आपल्याच देशांत झाला, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों, आणि तें योग्यच आहे. ता. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकानें प्रयागच्या प्रदर्शनाच्या जागेहून सुमारें ६,५०० पत्रें घेऊन यमुनेपलीकडील नैनी गांठलें. अंतर सुमारें सहा मैल. वेळ तेरा मिनिटें. परंतु थैली चढविण्या-उतरविण्यास विमान जमिनीस टेकावें लागतें, आणि त्याजोगें मैदान राखण्याची ऐपत बहुधा मोठ्या शहरांचीच असते. मग आडगांवच्या व्यापाऱ्यानें काय करावें?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील लिटल ॲडम्स नामक दंतवैद्यानें शोधिलें. त्याची युक्ति समजण्यास सोपी आहे. मोकळ्या जागेंत दोन उंच खांब रोवावयाचे, त्यांच्या माथ्यांवरून दोर ताणावयाचा व त्यास टपालाची थैली जोडावयाची. विमान सखल उडत येई, त्या गांवची थैली खालीं टाकी, आणि खालीं सोडलेल्या आंकड्यानें दोर उचलून न थांबतां पुढें जाई. मग आंतील मदतनीस रहाटानें थैली वर ओढून घेई. १९३९ सालीं रिचर्ड ड्यू पॉण्ट ह्यांच्या कंपनीनें ही सेवा पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया इत्यादि डोंगराळ प्रदेशांत सुरू केली. जेथें विमानतळ होण्याची आशा नव्हती, तेथें दोन खांब व एक मोकळें शेत पुरें झालें! १९४९ सालीं ही सेवा बंद पडली व कंपनी उतारूंच्या वाहतुकीकडे वळली.

त्याच १९४९ सालीं आपल्याकडे मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करूं लागलीं, आणि जादा आकारावांचून पत्रें विमानानें जाऊं लागलीं. सुधारणा मोठी खरी; पण विमानाचा वेग शहरापाशींच थांबला. पुढची वाट आगगाडीची, मोटारीची, आणि शेवटीं हरकाऱ्याच्या पायांचीच राहिली.

कोणी म्हणेल, मूठभर पत्रांसाठीं एवढा खर्च कशास? आमचें उत्तर असें कीं, टपालखातें हें नफ्याचें दुकान नव्हे. शहरांतला पेढीवाला व खेड्यांतला किराणेवाला पाकिटास सारखेंच तिकीट लावितात. मग एकाचें पत्र उडत जावें व दुसऱ्याचें रखडत, हा न्याय कोणता?

मे २०२२ मध्यें टपालखात्यानें कच्छमध्यें ड्रोननें ४६ किलोमीटरांवर पार्सल सुमारें २५ मिनिटांत पोंचविलें. साधन नवें, प्रश्न मात्र जुनाच आहे. आमचें मागणें एवढेंच कीं, अशा साधनांचा पहिला उपयोग शहरांच्या सोयीसाठीं न होतां, पावसाळ्यांत नदीच्या पुरानें वा घाट बंद पडल्यानें तुटणाऱ्या गांवांसाठीं व्हावा. औषधाची पुडी व मनिऑर्डर ज्या दारीं उशिरा पोंचते, तेथूनच सुधारणेस प्रारंभ झाला पाहिजे.