संगणकाची लय आणि निळा पडदा

घरातील संगणकावर एखादा अर्ज भरण्याचे, दुकानाचा हिशेब मांडण्याचे किंवा परीक्षेची टिपणे टंकलिखित करण्याचे काम चालू असते. दोन तासांचे काम संपत आलेले असते. अचानक पडद्यावरील सारी अक्षरे नाहीशी होतात, संपूर्ण पडदा निळा होतो आणि त्यावर इंग्रजीतील काही ओळी उमटतात. थोड्या वेळाने संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. परंतु साठवून न ठेवलेले काम गेलेले असते. असा प्रसंग एकदाच घडला तर मनुष्य तो विसरून जातो. तो वारंवार घडू लागला म्हणजे मात्र विषाणू शिरला असावा, यंत्रच जुने झाले असावे, असे नाना तर्क सुरू होतात. पुष्कळदा ध्यानात न येणारे एक कारण या तर्कांत नसतेच. ते म्हणजे संगणकाची गती निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवलेली असणे. या प्रकाराला ‘ओव्हरक्लॉकिंग’ असे म्हणतात.

पडदा निळा का होतो?

संगणकातील सर्व कामांवर देखरेख करणाऱ्या मूळ प्रणालीला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही अशीच एक कार्यप्रणाली होय. आपल्याच मूळ कारभारात दुरुस्त न होणारी चूक झाली आहे, असे तिला आढळले तर ती पुढचे काम तत्काळ थांबवते. चूक झालेली असताना काम तसेच रेटले, तर तबकडीवर साठवलेली माहितीही बिघडण्याचा धोका असतो. म्हणून निळा पडदा हा स्वतः रोग नव्हे. तो धोक्याची सूचना देऊन दार बंद करणारा पहारेकरी आहे. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून हा निळा पडदा लोकांच्या परिचयाचा झाला. विंडोज ११ मध्ये २०२५ साली त्याचा रंग काळा करण्यात आला. रंग बदलला, तरी त्यामागील तत्त्व तेच आहे.

ठोका आणि पाऊल

संगणकाच्या मदरबोर्डवर गारेच्या स्फटिकाचा एक लहानसा तुकडा असतो. त्याच्या नियमित कंपनांवरून संगणकाची लय ठरते. लेझीम खेळताना हलगीच्या ठोक्याबरोबर प्रत्येकाचे पाऊल पडते, तसे प्रोसेसरमधील कोट्यवधी सूक्ष्म घटक या लयीच्या ठोक्याबरोबर आपले काम करतात. मूळ ठोका सामान्यतः सेकंदाला १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झ असतो. त्याला ३६ ने गुणले, की प्रोसेसरची गती ३.६ गिगाहर्ट्‌झ होते. म्हणजेच सेकंदाला ३६० कोटी ठोके.

एका ठोक्यात सुरू झालेले काम पुढचा ठोका पडण्यापूर्वी पूर्ण झालेच पाहिजे. हलगीची लय थोडी वाढवली तर तरबेज खेळाडू तग धरतात. ती आणखी वाढवली, की एखाद्याचे पाऊल चुकते आणि साऱ्या रांगेची घडी विस्कटते. प्रोसेसरमध्येही असेच घडते. एखादा घटक वेळेत काम पुरे करू शकला नाही, तर १ च्या जागी ० किंवा ० च्या जागी १ नोंदला जातो.

मग लोक गती का वाढवतात? प्रत्येक प्रोसेसरची चाचणी घेऊन, तो ज्या गतीला खात्रीने चालेल ती गती निर्माता त्याला देतो. त्यात थोडी मोकळी जागा राखलेली असते. १९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर बाजारात आला. त्याचा मूळ ठोका ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्‌झ केला, की अनेक प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झ गतीने चालत. स्वस्त वस्तूतून महाग वस्तूचे काम मिळू लागल्याने हा छंद झपाट्याने पसरला.

परंतु या लाभाची किंमत द्यावी लागते. वाढलेल्या गतीला तग धरता यावी, म्हणून विद्युतदाबही वाढवला जातो. विजेचा खप गतीच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती दहा टक्के व विद्युतदाब दहा टक्के वाढवला, तर खप सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. ही सारी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

न चुकणारी आज्ञा चुकली तेव्हा

मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन यांनी २००५ साली एक उद्बोधक हकिगत लिहिली. ग्राहकांच्या संगणकांकडून आलेले बिघाडाचे अहवाल तपासताना एक विलक्षण गोष्ट आढळली. संगणक ज्या आज्ञेपाशी कोसळला होता, ती आज्ञा केवळ प्रोसेसरमधील एक जागा शून्य करण्याची होती. तिला स्मृतीतून काही आणायचे नव्हते, की कोठे काही ठेवायचे नव्हते. अशी आज्ञा चुकणे तर्काच्या दृष्टीने अशक्यच. चौकशी केल्यावर उलगडा झाला. काही ग्राहकांनी स्वतःच गती वाढवली होती. काहींना मात्र त्याची कल्पनाही नव्हती. दुकानदाराने गती वाढवून संगणक त्यांना विकला होता.

येथे प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. ग्राहकाला न सांगता गती वाढवून यंत्र विकणे म्हणजे त्याच्या विश्वासाला तडा देणे होय. संगणक खरेदी करताना प्रोसेसरची मूळ गती कोणती आणि ती वाढवली आहे काय, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी अभ्यासल्या. गती वाढवलेले संगणक प्रोसेसरच्या दोषाने कोसळण्याचे प्रमाण कित्येक पट अधिक असल्याचे त्यांना दिसून आले. एकदा असा दोष आलेल्या संगणकात तो पुन्हा येण्याचा संभवही बराच जास्त होता.

कारणाचा शोध

अशा बिघाडाचा शोध वैद्याप्रमाणे क्रमाने घ्यावा लागतो. सर्वांत आधी महत्त्वाच्या माहितीची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या तबकडीवर काढून ठेवावी. नंतर निळ्या पडद्यावरील संकेत, वेळ आणि त्या वेळी चालू असलेले काम एका वहीत टिपावे. ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ हा संकेत अनेकदा प्रोसेसरला कमी पडणाऱ्या विद्युतदाबाकडे बोट दाखवतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा संकेत रॅमविषयी शंका उत्पन्न करतो. मात्र संकेत म्हणजे निकाल नव्हे. सदोष ड्रायव्हरमुळेही असे संकेत दिसू शकतात.

त्यानंतरची पायरी निर्णायक आहे. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन सर्व मूल्ये निर्मात्याने दिली होती तशी करावी. त्यासाठी बहुधा ‘लोड डिफॉल्ट्‌स’ अशा नावाचा पर्याय असतो. रॅमसाठी ‘एक्सएमपी’ हा पर्याय चालू असेल, तर तोही बंद करावा. कारण तोसुद्धा गती वाढवण्याचाच प्रकार आहे. पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर वीजजोडणी काढून मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर काढून ठेवावी. त्यामुळे बहुतेक संगणकांत मूळ मूल्ये परत येतात.

यानंतर काही दिवस नेहमीचे काम करून पाहावे. निळा पडदा पुन्हा आला नाही, तर वाढवलेली गती हेच कारण होते, असे मानण्यास जागा आहे. तो पुन्हा आला, तर शोध पुढे न्यावा. पंख्यात व धातूच्या पंखांत साचलेली धूळ काढावी. तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामवर लक्ष ठेवावे. आजचे अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच स्वतःची गती आपोआप कमी करतात. तापमान वारंवार तेथे जात असेल, तर शीतनाची व्यवस्था अपुरी आहे. विंडोजमधील स्मृतिचाचणी रात्रभर चालवावी. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक पट्टी लावून पाहावी. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस संशयास्पद वाटल्यास तो जाणकाराकडून तपासून घ्यावा. तो घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात घातक विद्युतभार शिल्लक राहतो.

या साऱ्या शोधात एक नियम पाळावा लागतो : एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले आणि बिघाड गेला, तर तो कशामुळे गेला हे कधीच कळत नाही.

न दिसणारी चूक

गती वाढवण्याचा छंद मुळातच त्याज्य आहे, असे नाही. तो जाणून-समजून, लहान लहान पायऱ्यांनी आणि प्रत्येक पायरीवर कसून चाचणी घेऊन करता येतो. परंतु ज्या संगणकावर कोणाच्या पगाराचा हिशेब, कोणाचे प्रमाणपत्र किंवा कुटुंबाची छायाचित्रे आहेत, तेथे तो करू नये, हेच शहाणपणाचे. कारण निळा पडदा दिसला, तर निदान चूक झाल्याचे कळते. त्याहून अधिक घातक चूक असते ती न दिसणारी. हिशेबातील एक अंक गुपचूप बदलतो, साठवलेली फाइल नकळत बिघडते आणि पडदा मात्र शांत राहतो. थोड्या अधिक गतीसाठी यंत्रावरचा विश्वास गमावणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे होय. संगणकाचा पहिला गुण वेग नव्हे, अचूकपणा आहे.

विचार करा व लिहा

१. निळ्या पडद्याला लेखात ‘पहारेकरी’ का म्हटले आहे?
२. ‘एका वेळी एकच बदल करावा’ हा नियम दैनंदिन जीवनातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. ग्राहकाला न सांगता गती वाढवलेला संगणक विकणे योग्य आहे काय? आपले मत कारणांसह लिहा.