अभ्यास नको म्हणणाऱ्या मुलांसाठी घरातले खेळ

शाळेतून आलेल्या मुलाला पुन्हा वही उघडून बसवणं ही अनेक घरांतली रोजची लढाई झाली आहे. आई ओरडते, मूल रडतं आणि पानभर बेरजा कशाबशा पूर्ण होतात. तरीही बऱ्याचदा असं दिसतं की, 1 ते 100 अंक घडाघडा म्हणणारं मूल '37 मोठे की 73?' असं विचारलं की गोंधळतं. धडा तोंडपाठ असतो, पण दुकानावरची पाटी वाचता येत नाही.

पहिली ते तिसरीच्या काळात ही उणीव राहिली तर पुढे भागाकार, अपूर्णांक आले की मुलं गणिताला घाबरू लागतात आणि मग वह्या लपवू लागतात. केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाचा भर याच वयावर आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड जमावी, हे त्याचं उद्दिष्ट आहे.

यासाठी महागडी खेळणी हवीत असं नाही. ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या कामाला सुरुवात केली. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत काम करताना त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंनाच शैक्षणिक साधन बनवलं. तुमच्या घरातही अशी साधनं भरपूर आहेत. फक्त हे खेळ म्हणजे दुसरी शाळा होऊ देऊ नका.

एकी की बेकी?

आजीकडून ऐकलेला हा खेळ आठवतोय? मुठीत चिंचोके किंवा राजमा घ्या आणि मुलाला विचारा, 'एकी की बेकी?' मूठ उघडून दोन-दोनच्या जोड्या लावा. एक दाणा उरला तर एकी, नाही उरला तर बेकी. बरोबर ओळखणाऱ्याला सगळे दाणे मिळतील.

सम-विषम संख्या इथे हाताला कळतात. खेळ रंगला की विचारा, 'तुझ्याकडे एकी, माझ्याकडेही एकी, दोन्ही एकत्र केले तर?' उत्तर तुम्ही सांगू नका. चार-पाच वेळा करून पाहिल्यावर प्रत्येक वेळी बेकीच येते, हे मूल स्वतः शोधून काढेल. घरात अगदी लहान भावंड असेल तर मात्र खेळ संपल्यावर दाणे मोजून डब्यात ठेवा.

दहाची जुडी

आइस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याच्या काड्यांचे तुकडे घ्या. दहा काड्या झाल्या की रबर लावून जुडी बांधा. आता 21 म्हणजे दोन जुड्या आणि एक सुटी काडी.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवला तरी मुलांची अडचण खरी आहे. लिहिताना 2 आधी येतो, बोलताना मात्र 'एक' आधी येतो. बंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलाला तर शाळेत इंग्रजीत आणि शेजारी कन्नडमध्ये आधी वीस, मग एक ऐकू येतं आणि घरी आजी नेमकं उलटं म्हणते! जुड्या समोर असल्या की हा गोंधळ मिटतो.

तीन जुड्या मांडा आणि एका जुडीतली एक काडी काढून घ्या. तिसाला एक कमी, म्हणून 'एकोणतीस'. एकोणचाळीस, एकोणपन्नास हे शब्दही मग पाठ करावे लागत नाहीत.

ठिपक्यांची रांगोळी

कागदावर पेन्सिलीने एकाखाली एक 1, 3, 5, 7, 5, 3, 1 असे ठिपके मुलाला काढायला सांगा. ठिपके जोडून फूल किंवा चांदणी तयार करू द्या. अर्धी रांगोळी तुम्ही काढा आणि उरलेली अर्धी तशीच त्याला काढायला सांगा. आरशातल्यासारखी दोन्हीकडे सारखी आकृती कशी येते, हे त्यातून समजतं. एकूण ठिपके किती झाले? मोजून पाहिले की 25 येतात. तिसरीतल्या मुलाला चार ओळींत चार-चार ठिपके काढायला लावा. चारचा पाढा डोळ्यांना दिसेल.

स्वयंपाकघरातला पाव, अर्धा, पाऊण

अपूर्णांक शिकायला पोळीसारखं साधन नाही. पोळीचे चार सारखे तुकडे करा. एक तुकडा म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धी, तीन म्हणजे पाऊण पोळी. अख्ख्या पोळीसोबत एक तुकडा ठेवला की झाली सव्वा.

हेच शब्द मग घड्याळात दाखवा. सव्वासात, साडेसात, पावणेआठ. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना हे शब्द अवघड वाटतात, कारण ते कानावरच पडत नाहीत. 'पावणेआठला जेवायला बसू, वाजले की मला हाक मार,' असं काम मुलाकडे द्या.

उपमा करताना एक वाटी रव्याला किती वाट्या पाणी, हे मोजायलाही त्यालाच सांगा. गॅसजवळचं काम मात्र तुम्हीच करा.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर रस्त्यावर मराठी पाट्या दिसत नाहीत. मग घरातच पाट्या लावा. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मुलाकडून लिहून घ्या. आधी 'मध', 'खसखस' असे बिनकान्याचे शब्द, मग 'रवा', 'डाळ', त्यानंतर 'पोहे', 'मोहरी' आणि शेवटी 'ज्वारी'सारखी जोडाक्षरं.

एखाद्या दिवशी गुपचूप दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. साखरेच्या डब्यावर 'मीठ' वाचून मूल जे ओरडत येईल, ते खरं समजून केलेलं वाचन. वाणसामानाची यादी लिहिणं आणि दुकानात ती वाचून दाखवणं हेही त्याचंच काम ठरवा.

मोठी भावंडं, आजी-आजोबा घरात असतील तर रविवारी 'नाव, गाव, फळ, फूल' खेळा. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावं.

संत्रं तरंगेल का?

बादलीत पाणी घ्या. चमचा, बाटलीचं झाकण, बटाटा, संत्रं जमवा. प्रत्येक वस्तू टाकण्यापूर्वी मुलाने अंदाज सांगायचा, बुडेल की तरंगेल. मग तेच संत्रं सोलून पुन्हा टाका. सालीसकट तरंगणारं संत्रं सोलल्यावर बुडतं! सालीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, साल गेली की तो आधार जातो. हे कारण लगेच सांगून टाकू नका. 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न आधी विचारा.

या गोष्टी टाळा

* 15-20 मिनिटं पुरेत. मूल कंटाळलं तर खेळ थांबवा.
* चूक झाली की लगेच बरोबर उत्तर सांगू नका. 'पुन्हा मोजून बघूया' म्हणा.
* पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावू नका, शेजारच्या मुलाशी तुलनाही करू नका.
* खेळताना तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.
* कधी मुलाला शिक्षक होऊ द्या आणि तुम्ही मुद्दाम चुका. तुमची चूक पकडताना त्याला विषय पक्का समजतो.

बरेच दिवस प्रयत्न करूनही मुलाला अक्षरं किंवा अंक ओळखायला फारच जड जात असेल तर ओरडण्याऐवजी त्याच्या वर्गशिक्षकांशी बोला आणि एकदा डोळे तपासून घ्या.

सगळे खेळ एकाच आठवड्यात उरकण्याची घाई नको. आज रात्री जेवणानंतर फक्त मूठभर राजमा घ्या आणि मूठ पुढे करून विचारा, 'सांग बरं, एकी की बेकी?'