ओरखडा पाडते ती वाळू

मृग जवळ आला की नेवाशाकडच्या घरांत एक काम हमखास निघतं. उन्हाळाभर अंगणात मांडलेली बाकडी, लोखंडी खुर्च्या, टीपॉय, झोपाळा असं सगळं पडवीत घ्यायचं असतं. वळिवाचं आभाळ अचानक भरून येतं, घाई होते, आणि घाईत वस्तू उचलली न जाता फरफटत आत येते. सकाळी फरशीवर रेघा दिसतात आणि बोल लागतो खुर्चीच्या पायांना.

फरशी शहाबादी किंवा कोटा असेल, तर त्यात तथ्य आहे. फ्रेडरिक मोह्स या खनिजतज्ज्ञाने 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाला 1 ते 10 असे क्रमांक दिले. या दोन्ही फरश्या चुनखडीच्या, म्हणजे 3च्या आसपास. साधं लोखंड त्याहून कठीण, त्यामुळे पायाची उघडी कड त्यांच्यावर चरा पाडतेच. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलचं मात्र उलटं. तिथे लोखंडच झिजतं आणि मागे करडी रेघ सोडतं. ती घासली की बहुतेक वेळा निघते. न निघणारा, नखाला लागणारा ओरखडा वाळूचा असतो. वाळूतल्या गारेचा क्रमांक 7, टाइलपेक्षाही वरचा.

नेवाशाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 1956 या काळात इथे उत्खनन केलं. प्रवरेच्या काठच्या गोट्या-वाळूच्या थरांत चर्ट, जास्पर, कॅल्सेडनी या दगडांची अश्मयुगीन हत्यारं सापडली, आणि मध्य पुराश्मयुगातल्या या परंपरेला अभ्यासकांनी 'नेवासियन' असं नाव दिलं. त्यांत तासण्या पुष्कळ आहेत. लाकूड तासायला माणसाने जो दगड पारखून घेतला, तोही गारेच्याच कुळातला. चपलांबरोबर, वावटळीबरोबर अंगणात येणाऱ्या रेतीत असे कण असतात. त्यातला एक पायाखाली सापडला की त्या पायावरचं वजन त्याच्या टोकावर येतं. माणूस बसलेला असताना खुर्ची पुढे सरकवणं म्हणूनच सर्वांत वाईट.

तेव्हा सामानाला हात लावण्याआधी केरसुणी घ्यावी, मग ओलं फडकं. कोरडं फडकं नको. ते कण उचलत नाही, फिरवत राहतं. मग खुर्ची उलटी करून पायाचं रबरी बूच उन्हात धरून बघावं. त्यात रुतलेले कण लुकलुकतात. असं बूच पॉलिश पेपरसारखं काम करतं, आणि खाली रबर आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. खिळ्याच्या टोकाने कण काढावेत. बूच झिजून पाइपची कड बाहेर आली असेल तर बदलावं. घरातल्या सोफ्याला लावतात त्या लोकरीच्या चकत्या अंगणात लावू नयेत. त्या पाणी धरतात आणि रेतीही.

झोपाळ्याची पाटी आणि कड्या आधी उतरवून गोणपाटात गुंडाळाव्यात. लोंबती कडी सांगाड्याचा रंग उडवते. सांगाडा दोघांनी दोन टोकांना धरून उचलावा. दोघांनाही न पेलणारं बाकडं असेल, तर एकाने एक बाजू कलती करावी आणि दुसऱ्याने त्या पायांखाली झटकलेल्या गोणपाटाची चौपदरी घडी सारावी. मग दुसऱ्या बाजूलाही तसंच. गुळगुळीत टाइलवर ते सहज सरकतं. खडबडीत शहाबादीवर गोणपाट अडतं, तिथे फळ्या अंथरून त्यांवरून न्यावं.

पायाच्या टोकाचा रंग उडालेला दिसला तर तसाच सोडू नये. पावसात तिथूनच गंज उतरतो आणि फरशीवर तांबूस कडं उमटतं. ते काढायला शहाबादीवर ॲसिड किंवा लिंबू मुळीच वापरू नये, आंबटाने चुनखडीच विरघळते आणि डागाच्या जागी पांढरा, खरबरीत चट्टा राहतो. सामान आत आल्यावर, पाय सुके असतानाच, गंज घासून रेड ऑक्साइडचा हात मारावा आणि तो पूर्ण वाळल्यावर बूच चढवावं.